वाचकांचे प्रश्न : धनुष्याला जुळणारा बाण

मागच्या अंकात धनुष्य कसं निवडावं याविषयी लिहिलं होतं. त्यानंतर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून जे प्रश्न आले, त्यातले बहुतेक बाणांबद्दल आहेत, आणि ते योग्यच आहे. धनुष्य थोडं डावं-उजवं निघालं तरी शिकता येतं, पण बाण चुकीचा असेल तर चांगली सुटका (दोरी सोडणं) कोणती आणि वाईट कोणती हेच शिकणाऱ्याला कळत नाही. खालच्या उत्तरांतली डावी-उजवी दिशा उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी ती उलटी धरावी.

माझी मुलगी १२ वर्षांची आहे. तिच्या ६६ इंची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यावर २४ पाउंड लिहिलंय. क्लबातल्या एका मोठ्या मुलाने त्याचे जुने सहा कार्बन बाण दिले, त्यांवर ५०० असा आकडा आहे. सोडताना 'खट्' आवाज येतो आणि सगळे बाण डावीकडे जातात. चूक मुलीची की बाणांची?
— एक पालक, सिडको

बाणांची. ५०० हा त्या बाणाचा स्पाइन, म्हणजे ताठरपणाचा आकडा. शाफ्टला, म्हणजे बाणाच्या काडीला, २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू देतात, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि शाफ्ट किती लवते ते मोजतात. अर्धा इंच, म्हणजे ०.५०० इंच लवली तर स्पाइन ५००. पूर्ण एक इंच लवली तर १०००. म्हणजे आकडा लहान तितका बाण ताठ. इथे खूप जणांची गफलत होते. '५०० म्हणजे हजाराच्या निम्मा, तेव्हा लहान मुलांचा' असं समजून बाण दिले-घेतले जातात.

बोटांनी दोरी सोडली की ती सरळ पुढे जात नाही, बोटांवरून घसरताना किंचित आडवी सरकते. त्या धक्क्याने बाण वाकतो, उलट बाजूला वाकतो आणि माशासारखा वळवळत धनुष्याच्या अंगाला वळसा घालून निघतो. हे वाकणं धनुष्याच्या ताकदीच्या मापात असेल तर शेपटाकडची पिसं रायझरला (धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागाला) न लागता पार होतात. तुमच्या मुलीचं धनुष्य ५००च्या शाफ्टला पुरेसं वाकवूच शकत नाही. बाणाचा मागचा भाग रायझरवर किंवा रेस्टवर (बाण टेकवायच्या आधारावर) आपटतो, तो तुम्हाला ऐकू येणारा 'खट्', आणि ताठ बाण डावीकडे जातो. पिसांच्या बुडाशी घासल्याच्या खुणा दिसतात का पाहा. नसतील दिसत, तर रेस्टच्या आसपास थोडी टाल्कम पावडर मारून दोन बाण सोडा. पावडर कुठे पुसली गेली ते लगेच दिसेल.

आता तिला कोणता बाण हवा? त्यासाठी धनुष्यावर छापलेले २४ पाउंड बाजूला ठेवा. तो आकडा दोरी २८ इंच ओढायला लागणाऱ्या जोराचा असतो, आणि १२ वर्षांचं मूल २८ इंच ओढत नाही. ती २५ इंच ओढत असेल असं धरू. दर इंचाला साधारण २ पाउंड कमी होतात, म्हणजे तिच्या बोटांवर १८ पाउंडच येतात. किती पाउंडांना कोणता स्पाइन ते सांगणारा बाणाचा तक्ता पाहताना हाच १८चा आकडा घ्यायचा. सुमारे २७ इंची शाफ्टला तो साधारण १००० ते १३००च्या पट्ट्यात नेईल. इतक्या कमी ताकदीला तक्ते तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या स्पाइनचे दोन-दोन बाण क्लबातून मागून आधी मारून बघा.

अंदाजापेक्षा मोजणं बरं. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या. त्याचा हुक दोरीत, नॉकच्या (बाणाच्या शेपटाला असलेल्या खाचेच्या) जागी अडकवा आणि दोघांनी मिळून मुलीच्या ओढीइतकी दोरी सावकाश ओढा. किलोंना २.२ने गुणलं की पाउंड. दोरी तशीच सावकाश परत आणायची. बाण न लावता ती हातातून सुटली तर लिम्ब (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या) तडकू शकतात.

ते ५००चे बाण ज्याचे त्याला परत करा. पुढे जड पॉइंट (बाणाचं टोक) लावून ते 'नरम' करता येतील असं कोणी सुचवेल, पण जड पॉइंटने थोडाच फरक पडतो. ५०० आणि १२०० यांच्यातली दरी त्याने भरत नाही.

मुलगा १४ वर्षांचा, रिकर्व्ह शिकतोय. विक्रेता म्हणतो, 'बाण २६ इंची कापून देतो, जोरात जातील.' कापून घ्यावेत का?
— सातपूर

आत्ता नको. कापलेला बाण पुन्हा लांब होत नाही, आणि १४व्या वर्षी मुलाचे हात अजून लांब होणार आहेत.

आखूड बाणाचा खरा प्रश्न वेगाचा नाही. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक रेस्टच्या मागे आलं तर बाण रेस्टवरून खाली, धनुष्य धरलेल्या हातावर पडतो. त्याच क्षणी दोरी सुटली तर तो मनगटात किंवा पंजात घुसतो. दोरी जरा जास्त ओढली गेली, खांदा मागे गेला, की शिकणाऱ्याकडून हे सहज होतं. म्हणून नवख्याचा बाण पूर्ण ओढीत रेस्टच्या पुढे किमान २ इंच राहिला पाहिजे. वाढत्या वयात ३ इंच ठेवलेत तरी चालेल.

ओढीची लांबी मोजायची पद्धत अशी. पहिला अंदाज हातांवरून घ्या. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायचे, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंच मोजायचे आणि २.५ने भागायचं. ६५ इंच आले तर २६. हा फक्त अंदाज झाला. खरं माप घ्यायला हलकं धनुष्य आणि एक जास्त लांब, न कापलेला बाण लागतो. मुलाने नेहमीसारखी हनुवटीपर्यंत ओढ घ्यायची, आणि दुसऱ्याने बाजूने, बाणाच्या पुढे कधीही न जाता, प्लंजरच्या (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीच्या) छिद्रापाशी शाफ्टवर मार्करने खूण करायची. तीन-चार वेळा करा. सुरुवातीच्या ओढी ताणलेल्या असतात, नंतरच्या खऱ्या. नॉकच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच म्हणजे ओढीची प्रमाणित लांबी. लिम्बवरचे पाउंड याच मापाने सांगितलेले असतात.

बाणाची लांबी नॉकच्या खाचेच्या तळापासून शाफ्टच्या टोकापर्यंत मोजतात. पॉइंट त्यात धरत नाहीत. विक्रेत्याला फोनवर '२८ इंची' सांगितलं आणि त्याने पॉइंट धरून कापलं, तर जवळपास इंचभर नुकसान होतं. हे आधी स्पष्ट बोलून घ्या.

लांबी बदलली की स्पाइनही बदलल्यासारखा होतो. लांब काठी सहज लवते, तीच तोडून आखूड केली की लवत नाही, तसंच हे. एक इंच कापलं की तक्त्यात धनुष्याचे साधारण ५ पाउंड बदलल्याइतका फरक पडतो. म्हणून शाफ्ट आधी घेऊन मग 'जमेल तशी कापू' हा क्रम चुकीचा. आधी ओढ, मग बोटांवरचे खरे पाउंड, मग लांबी, आणि शेवटी स्पाइन.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कटिंग मशीन शोधावं लागत नाही, म्हणून एक इशारा. कार्बन शाफ्ट हॅकसॉने किंवा पाइप कटरने कापू नये. कडेचे तंतू फाटतात आणि ती चीर पुढे सरकते. जास्त वेगाने फिरणारी पातळ घासचाकती लागते, शाफ्ट हाताने गोल फिरवत कापायची, टोक काटकोनात घासून घ्यायचं. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. मास्क लावा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

आमच्या आश्रमशाळेत मुलं बांबूच्या धनुष्यावर सराव करतात. बाणही इथेच बनवून घेतो. एकाच मुलाचे सहा बाण सहा ठिकाणी जातात. स्पाइनचं यंत्र आमच्याकडे नाही. काय करावं?
— एक शिक्षक, सुरगाणा तालुका

सर, यंत्र शाळेतच बनतं. बाकावर किंवा फळीवर दोन जाड खिळे बरोबर २६ इंचांच्या (६६ सेंटिमीटर) अंतरावर, एका पातळीत ठोका. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर बाटली, पाणी आणि हुक मिळून ९०७ ग्रॅम होतील असं करा. ते झाले २ पाउंड. शाफ्ट खिळ्यांवर ठेवा, मागे मिलिमीटरची पट्टी उभी लावा, मधोमध बाटली टांगा आणि शाफ्ट किती उतरली ते वाचा. लाकडी बाणांचा स्पाइन पाउंडांत सांगायची जुनी रीत अशी की २६ला लवण्याच्या इंचांनी भागायचं. मिलिमीटरमध्ये ते असं येतं : २६.५ मिमी लवली तर साधारण २५ पाउंडांचा बाण, २२ मिमी लवली तर ३०चा, १९ मिमी लवली तर ३५चा. (कार्बनचा ५००, १००० हा हिशोब वेगळा आहे. त्यात अंतर आणि वजन दोन्ही वेगळी असतात, तेव्हा दोन्हींची सरमिसळ करू नका.)

बांबू सगळ्या बाजूंनी सारखा लवत नाही. शाफ्ट खिळ्यांवर हळूहळू फिरवून चार बाजूंनी मोजा. ज्या बाजूने सर्वांत कमी लवते ती ताठ बाजू. तिच्यावर पेन्सिलीने रेघ मारा आणि नॉकची खाच अशी कापा की बाण दोरीला लावल्यावर रेघ धनुष्याच्या अंगाकडे येईल. बाण प्रत्येक वेळी एकाच बाजूने वाकला तरच तो एकाच ठिकाणी जातो. हाताने बनवलेल्या बाणांत नेमकी हीच गोष्ट बहुतेकदा राहून जाते, आणि तुमचे सहा बाण सहा ठिकाणी जाण्याचं पहिलं संशयित कारण हेच.

मग गठ्ठे लावा. एका मुलाला द्यायच्या सहा बाणांचं लवणं एकमेकांपासून दीड-दोन मिलिमीटरच्या आत आणि वजन शक्यतो एक ग्रॅमच्या आत हवं. तीस शाफ्ट मोजल्या तर त्यातून सहा-सहाचे तीन-चार गठ्ठे चांगले निघतात. उरलेल्या जवळून मारायच्या सरावाला ठेवा, फेकू नका.

गठ्ठा निवडताना मुलाच्या ओढीला धनुष्य किती पाउंड देतं ते हुकाच्या काट्याने मोजा. बांबूच्या धनुष्याला मध्ये बाणासाठी खिडकी कोरलेली नसते, बाणाला पूर्ण मुठीला वळसा घालून जावं लागतं. म्हणून इथे बाण किंचित नरमच लागतो. धनुष्य २८ पाउंड देत असेल तर २५च्या गठ्ठ्यापासून सुरुवात करा. तो सतत उजवीकडे जात असेल तर ३०चा द्या.

बनवताना जाड टोक पुढे ठेवा. नॉकची खाच पेराच्या लगत मागे येईल अशी ठेवा आणि खाचेच्या पुढे दोरा घट्ट गुंडाळून डिंक किंवा गोंद भरा, नाहीतर दोरीच्या दणक्याने बांबू उभा फाटतो. वाकडी शाफ्ट निखाऱ्यावर धरून गरम करा, हाताने सरळ करा, थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवा. सुरगाण्याच्या पावसाचं तुम्हाला सांगायला नको. दोन हात वॉर्निश दिलं नाही तर जुलैत सगळी मेहनत वाकडी होते. बाण भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, आडवे ठेवा किंवा टांगा.

एक नियम मुलांकडून पाठ करून घ्या : प्रत्येक बाण लावण्याआधी बोटाने चाचपायचा. तडा, कुसळ, सैल टोक दिसलं तर तो बाण त्या दिवशी मारायचा नाही.

धनुष्य ६८ इंची, ३६ पाउंड. माझी ओढ साडेअठ्ठावीस इंच. बाण ६०० स्पाइन, २९ इंची, १०० ग्रेनचे (साधारण साडेसहा ग्रॅमचे) पॉइंट. विनापिसांचे बाण पिसांच्या बाणांपेक्षा वीसेक सेंटिमीटर उजवीकडे आणि थोडे वर लागतात. नवे बाण घेऊ का?
— नाशिक रोड

नव्या बाणांवर खर्च करू नका. आहेत तेच जुळतील असं दिसतंय. तुमच्या बोटांवर साधारण ३७ पाउंड येतात आणि ६००चा २९ इंची शाफ्ट त्याला जरा नरम पडतोय. म्हणूनच बेअर शाफ्ट, म्हणजे विनापिसांचे बाण, उजवीकडे जातात.

आधी चाचणी नीट झालीय का ते पाहा. अंतर १८ मीटर, वारा नसलेली सकाळ. पिसांचे तीन आणि बेअर दोन बाण, तेच शाफ्ट, तेच पॉइंट. असे निदान तीन-चार फेरे. बेअर शाफ्टच्या मागे पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर वजनाचा तोल बदलतो. एका फेरीवरून काहीही ठरवू नका. तुमच्या पिसांच्या बाणांचा ग्रुपच अजून थाळीएवढा असेल, तर वीस सेंटिमीटरच्या फरकाला फारसा अर्थ नाही.

उभा फरक आधी सोडवायचा, आडवा नंतर. बेअर शाफ्ट वर लागतात म्हणजे नॉकिंग पॉइंट (दोरीवरची नॉक लावायची जागा) खाली आहे, तो एक-दीड मिलिमीटर वर न्या आणि पुन्हा मारा. बेअर खाली लागू लागले तर थोडा परत खाली आणा.

आडव्या फरकासाठी सोपं आणि परत फिरवता येणारं आधी करा. दोरी आणि धनुष्य यांमधलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, ६८ इंची धनुष्याला साधारण साडेआठ ते नऊ इंच असावं. नॉक दोरीवर फार घट्ट नाही ना पाहा. बाण दोरीला लटकवा, बाजूला दोरीवर बोटाने टिचकी मारा, बाण सुटून पडला पाहिजे. मग प्लंजरची स्प्रिंग थोडी थोडी घट्ट करा. तेवढ्याने भागलं नाही तर लिम्ब बोल्ट (लिम्ब रायझरला धरणारे स्क्रू) दोन्हीकडे सारखे सैल करून एक-दीड पाउंड कमी करा, धनुष्याच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेपलीकडे नको. तिसरा उपाय, पॉइंट १०० ऐवजी ८० ग्रेनचे. हलक्या पॉइंटने बाण ताठ वागतो. शाफ्ट कापणं सगळ्यांत शेवटी, एका वेळी पाव इंच, आणि क्लिकर (ओढ पूर्ण झाली की वाजणारी पट्टी) वापरत असाल तर त्याची जागा लक्षात ठेवून.

बेअर शाफ्ट पिसांच्या ग्रुपच्या कडेला येऊन मिळाले की थांबा. अगदी मधोमध आणायच्या नादात रोज प्लंजर फिरवणारा नेमबाज आपली सुटका बिघडवून घेतो.

कार्बन घ्यावा की अ‍ॅल्युमिनियम? आणि अ‍ॅल्युमिनियमवर १८१६ लिहिलेलं असतं, ते काय?
— पंचवटी

पहिले दोन आकडे बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्टांशात, पुढचे दोन भिंतीची जाडी इंचाच्या हजारांशात. १८१६ म्हणजे १८/६४ इंच जाड आणि ०.०१६ इंच भिंतीची नळी.

जवळच्या अंतरावर शिकायला अ‍ॅल्युमिनियम चांगला. जड असतो, हळू जातो, पण शाफ्ट एकसारख्या मिळतात. वाकला की काचेवर गडगडवून लगेच कळतं. ५०-६० मीटरच्या पुढे कार्बनच. मात्र कार्बन वाकत नाही, तुटतो. आपटलेला प्रत्येक कार्बन बाण दोन्ही टोकांना धरून, तोंडापासून लांब, थोडा वाकवून बघा आणि ऐका. करकर आली तर तो बाण मोडून टाका, कोणाला देऊ नका. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या चिपा हातात जातात.

आदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले तेव्हापासून मला कंपाउंडची (टोकांना कॅम, म्हणजे चाकं असलेल्या धनुष्याची) ओढ लागली. आता ४८ पाउंडांचं घेतलंय. मित्र म्हणतो सर्वांत हलका बाण घे, वेग वाढेल. बरोबर आहे का?
— सिन्नर

वेग वाढेल, पण मर्यादा आहे. कंपाउंडला बाणाचं वजन दर पाउंडाला ५ ग्रेनपेक्षा कमी होऊ देऊ नये. तुमच्यासाठी ४८ गुणिले ५, म्हणजे २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. हा तळ झाला, उद्दिष्ट नाही. त्याहून हलका बाण धनुष्याची ऊर्जा पुरती घेत नाही, उरलेली लिम्बांत, केबलींत आणि कॅममध्ये दणक्याने जाते. रिकामी दोरी सोडण्याच्याच वाटेवरचं हे पाऊल. ५० मीटरसाठी दर पाउंडाला ६ ते ७ ग्रेन, म्हणजे २९० ते ३३५ ग्रेनचा पुरा बाण ठेवा. तो वाऱ्यातही जास्त स्थिर राहतो. वजन सराफाच्या काट्यावर करून घ्या. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन.

रिकर्व्हचा तक्ता कंपाउंडला लावू नका. रिलीजने (दोरी सोडायच्या खटक्याने) दोरी सुटताना आडवा धक्का फारसा बसत नाही, पण कॅमचा झटका कडक असतो, त्यामुळे तितक्याच पाउंडांना कंपाउंडला ताठ शाफ्ट लागते. तुमची शाफ्ट २७ इंचांच्या आसपास असेल तर साधारण ५०० स्पाइनपासून पाहायला लागा. जाड शाफ्ट घ्यायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, जागतिक नियमांत शाफ्टचा व्यास ९.३ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि कंपाउंडला ६० पाउंडांची कमाल मर्यादा आहे.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात बाणांची वेगळी काळजी घ्यावी का?
— गंगापूर रोड

हो. खरी पिसं भिजली की चपटी होतात, पावसाळ्यात प्लास्टिकच्या वेन बऱ्या. फक्त बाण सरळ बोटावरून किंवा धनुष्याच्या अंगावरून सोडत असाल तर मऊ पिसंच हवीत, कडक वेन घासून बाण उडवून देते. ओल्या बटमधून (निशाणाच्या गादीतून) बाण उपसताना एक तळवा बटवर, दुसऱ्या हाताने शाफ्ट बटच्या अगदी जवळ धरून सरळ मागे. मागे कोणी उभं नसल्याची खात्री करून.

मे महिन्यात बाण गाडीच्या डिकीत ठेवू नका. पॉइंट बसवायचा हॉट मेल्ट गोंद उन्हाने मऊ पडतो आणि पॉइंट बटमध्येच राहतो. परत बसवताना ज्योत पॉइंटला द्या, कार्बनच्या शाफ्टला कधीच नाही. गोंद पॉइंटवर वितळवून तो फिरवत आत ढकला आणि लगेच पाण्यात बुडवा.

स्पर्धेला जायचं असेल तर प्रत्येक शाफ्टवर आपलं नाव किंवा आद्याक्षरं लिहा, आणि एका फेरीत वापरायच्या सगळ्या बाणांची पिसं व नॉक एकाच रंगाचे ठेवा.